फुलं तर रानातच आहेत, मग कॉलेज कशाला?

पुरंदर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"ताई, बारावी सायन्सला मला ५२ टक्के पडले. सीईटीत काही जमलं नाही. आमची अडीच एकर बागायत आहे. शेवंती, ॲस्टर, दसऱ्याच्या तोंडावर झेंडू, आणि बांधाला सीताफळं. आयटीआयला 'फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग' या एक वर्षाच्या ट्रेडला माझा नंबर लागलाय. मला जायचंय. पण दादा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, 'फुलं तर आपल्या रानातच आहेत, ती शिकायला रोज एसटी कशाला धरायची?' मामा म्हणतो, पोरीच्या जातीच्या हातात पहार कोण देणार, आणि दिली तरी लोक माळीणच म्हणणार. मैत्रिणी म्हणतात, वर्षभर थांब, परत सीईटी दे, डिग्रीच कर. आणि खरं सांगू, मला झाडांच्या त्या लॅटिन नावांची भीती वाटते. सहा दिवसांत कागदपत्रं द्यायची आहेत. काय करू?"

प्रिय मुली,

सहाच दिवस हातात आहेत म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागून. प्रवेश घे. मात्र कागदपत्रं देण्याआधी एक दिवस काढून ती संस्था स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. काय बघायचं ते पुढे लिहिलं आहे.

आता दादा. त्यांचा प्रश्न मला तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पहाटे उठून फुलं तोडायची, क्रेट भरायचे, पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात माल वेळेत पोचवायचा आणि आज किलोला काय भाव निघतो याची वाट बघत उभं राहायचं, हे ज्या माणसाने आयुष्यभर केलं त्याला फुलांबद्दल कॉलेज नवीन काय सांगणार असं वाटणारच. अर्धं ते खरंही आहे. शेवंतीला पाणी कमी पडलंय की जास्त झालंय हे तुला पानावरून कळतं. फूल तळहातावर झटकून थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे ते बारीक किडे, आहेत की नाहीत हे तू सांगू शकतेस. मी शिकत असताना माझ्या वर्गात शहरातली मुलं होती, त्यांचे पहिले दोन-तीन महिने मातीत हात घालायची सवय होण्यातच गेले. ते महिने तुझे वाचतील.

मग शिकायचं काय उरतं? माझ्या मते, माप.

रानातलं माप तुला आयतं मिळालं आहे. दोन सरींत किती अंतर, दोन रोपांत किती, हे आजोबांनी ठरवलं, दादांनी थोडं बदललं, तू तेच करतेस. शेवंती एका हंगामात निघते, काही चुकलं तर पुढच्या लागणीला सुधारता येतं. दुसऱ्याच्या दारात बाग करायला गेलीस की आजोबांचं माप चालत नाही. तिथली माती वेगळी, उतार वेगळा, खाली ड्रेनेजचा पाइप, वर विजेची तार, आणि लावलेलं झाड पुढची चाळीस वर्षं त्याच जागी उभं राहणार.

साधं उदाहरण घे. बंगल्यापुढे २००० चौरस फुटांचं लॉन करायचंय आणि त्यावर सहा इंच लाल माती पसरायची आहे. २००० गुणिले अर्धा फूट, म्हणजे १००० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे १० ब्रास. माती पाणी मारल्यावर बसते, म्हणून वर थोडी धरायची. गणित शाळेतलंच आहे. तरीही मी असे कितीतरी कामवाले बघितलेत जे जागेवर नजर टाकतात आणि म्हणतात, 'दोन डंपर टाका, बघू'. माती उरली तर ती मालकाच्या दारात पडून राहते, कमी पडली तर अर्धं लॉन खाली बसतं. दोन्ही वेळा पुढचं काम त्या माणसाला मिळत नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे, कारण त्यात जीव अडकलेले असतात. गच्चीवर बाग हवी, असं आता प्रत्येक सोसायटीत कुणीतरी म्हणतं. एक घनफूट ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे गच्चीवर एक फूट जाडीची माती पसरली की दर चौरस फुटावर तेवढं वजन आलं. राहत्या घराच्या मजल्याचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान यांचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, चौरस फुटाला सांगायचं तर अठरा-एकोणीस किलो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघ. एवढं ज्याला मांडता येतं तो 'ताई, फक्त फूटभर माती टाकू' या आग्रहाला नाही म्हणू शकतो, आणि कोकोपीटसारखं (नारळाच्या काथ्याचा भुसा) हलकं मिश्रण, भिंतीच्या किंवा तुळईच्या वरच्या जागी ठेवलेल्या कुंड्या, आधी इंजिनिअरचा होकार असं काहीतरी सुचवू शकतो. फुलं वाढवता येणाऱ्या प्रत्येकाला हे येत नाही. दादांनाही येत नसेल, आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नाही, त्यांना कधी लागलंच नाही.

माझी स्वतःची चूक सांगते. बागा करून द्यायचा व्यवसाय सुरू केला त्याच्या दुसऱ्या वर्षी एका बंगल्याच्या कंपाउंडच्या कडेने मी फायकसची रोपं लावली. भिंतीपासून तीन फुटांवर. रोपं तेव्हा माझ्या कमरेएवढी होती आणि तीन फूट मला पुष्कळ वाटले. सहा वर्षांनी बाईंचा फोन आला. भिंतीला आरपार तडा गेला होता, आणि एका बाजूची फरशी मुळांनी वर उचलली होती. मी गेले, बघितलं, आणि मला काही बोलता येईना. फायकस म्हणजे वड-पिंपळाच्या गोतातला. भिंतीच्या फटीतून उगवलेला पिंपळ तूही बघितला असशील, मग त्याच्या भावंडाला मी भिंतीच्या कुशीत का लावलं? कारण मी त्या दिवशीचं रोप मोजलं होतं, पंधरा वर्षांनंतरचं झाड मोजलं नव्हतं. बरं, शहरात चुकलेलं झाड सहज काढूनही टाकता येत नाही. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. भिंतीची दुरुस्ती मी माझ्या पैशाने करून दिली. तेव्हापासून नकाशावर झाड काढताना मी त्याच्या पूर्ण वाढीच्या घेराचा गोल काढते, रोपाचा नाही. तुझ्या ड्रॉइंगच्या तासाला, प्लॅन एकास शंभर प्रमाणात काढायला सांगतील तेव्हा, पहिल्या दिवसापासून हीच सवय लाव.

उताराचंही तसंच. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी टाकली की दोन पावसाळ्यांत फरशी नाचायला लागते. खाली मुरूम किती, तो कसा दाबायचा, पाणी कुठल्या कोपऱ्यातून बाहेर काढायचं, हे आधी ठरवावं लागतं. लॉनला शंभर फुटांत निदान एक फूट उतार हवा. तो डोळ्याला दिसत नाही, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तसा काढावा लागतो. ही नळी वापरायला शीक. महागडं यंत्र हाताशी नसेल तिथेही ती काम देते.

लॅटिन नावांच्या भीतीबद्दल तू शेवटी, चोरून लिहावं तसं एकच वाक्य लिहिलं आहेस. मला त्यावर जास्त बोलायचंय.

चाफा म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? देवळापुढचा, पानं गाळून नुसत्या जाड फांद्यांवर पांढरी फुलं धरणारा? की पिवळाजर्द सोनचाफा? की हिरवा चाफा, ज्याचा वास आधी येतो आणि फूल शोधावं लागतं? नागचाफा आहे, कवठी चाफा आहे, जमिनीतून उगवणारा भुईचाफाही आहे. नर्सरीला फोन करून 'चाफ्याची वीस रोपं पाठवा' म्हणालीस तर टेम्पोतून काय उतरेल याचा नेम नाही. देवळापुढचा तो प्लुमेरिया. सोनचाफा मॅग्नोलिया चंपाका. नागचाफा मेसुआ फेरिया. यांचं एकमेकांशी गणगोत नाही, माती-पाण्याच्या गरजा वेगळ्या, उंची वेगळी. हिरवा चाफा, म्हणजे आर्टाबोट्रिस, तर झाड नसून चढणारी झुडपासारखी वेल आहे, आणि तो कुणाच्या कुळातला आहे सांगू? तुमच्या बांधावरच्या सीताफळाच्या. सीताफळाचं फूल हातात घेऊन बघ, जाड, हिरवट पाकळ्या. मग हिरव्या चाफ्याचं बघ. शाळांच्या आणि सोसायट्यांच्या भिंतीला सरळसोट उभा असतो ना, ज्याला सगळे 'अशोक' म्हणतात, तोही याच कुळातला. खरा सीता अशोक म्हणजे सराका असोका, नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ धरणारा, वेगळाच आहे. एखाद्याने सीता अशोक मागितला आणि तू सरळसोट अशोक लावून आलीस, तर चूक कळेपर्यंत चार-पाच वर्षं गेलेली असतील.

तेव्हा ती नावं पाठ करायचा विषय समजू नकोस. ती आडनावासकट नावं आहेत. गावात चार सुनीता असल्या की आपण कुणाची सुनीता ते विचारतो, तसंच. रोज दोन नावं घे, ती पण ज्या झाडाला हात लावलास त्याचीच. 'इंडिका' म्हणजे भारतातला, 'अल्बा' म्हणजे पांढरा, असे दहा-वीस शब्द कळले की नावं स्वतःच बोलायला लागतात. प्राजक्ताचं नाव निक्टॅन्थस, त्याचा अर्थ रात्रीचं फूल. पहाटे अंगणात सडा बघणाऱ्याला ते विसरणं अवघड आहे. नावं देवनागरीत लिहून पाठ केलीस तरी चालेल, मीही तशीच केली. परीक्षेच्या आधी स्पेलिंग बघून घे.

मामाचं म्हणणं दोन भागांत आहे. पहार उचलण्याबद्दल सांगायचं तर ती ताकदीपेक्षा पद्धतीने चालते. वजन पाठीवर न घेता पायांवर घ्यायचं, खड्डा आदल्या दिवशी पाणी सोडून मऊ करायचा, मोठं झाड दोघा-तिघांनी गोणपाटावर सरकवत न्यायचं. रानात खुरपणी करणाऱ्या, क्रेट उचलणाऱ्या मुलीला हे मी सांगायला नको. आणि पुण्याहून सोलापूर रस्त्याने सोरतापवाडी, उरुळी कांचनकडे एकदा जाऊन बघ. दुतर्फा नर्सऱ्या आहेत. पिशव्या भरणं, तण काढणं, रोपं बदलणं या कामांत बाया जागोजागी दिसतात. त्यांचे हात इतके सराईत असतात की बघत राहावं. पण ऑर्डर घेणारं, भाव ठरवणारं, प्लॅन वाचणारं माणूस बहुतेक ठिकाणी पुरुष असतो. हाताला काम देऊन हिशोब दुसऱ्याकडे ठेवायचा, ही रीत मला पंचवीस वर्षं खुपत आली आहे. मामाला तुझ्या हातात पहार नको असेल, मला तुझ्या हातात पहारीबरोबर टेप, पेन्सिल आणि दरपत्रकही हवं आहे.

'लोक माळीण म्हणतील' याचं काय? म्हणू देत. सावता माळींना ज्या मुलखात संत मानतात तिथे या शब्दाची लाज वाटावी असं काही नाही. मला अजून लोक 'माळीणबाई आल्या' म्हणतात, आणि मी हो म्हणून कामाला लागते. बिल मात्र मापाचं देते.

एक मात्र मामाच्या बाजूने. साइटवर मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, शेवटची एसटी किती वाजता, फवारणीच्या वेळी हातमोजे आणि मास्क मिळतात का, हे प्रश्न विचारायला लाजू नकोस. संस्थेतही विचार, नंतर कामावरही विचार.

संस्था बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस. मागे किती जमीन आहे, शेडनेट उभं आहे का आणि त्याखाली रोपं आहेत की मोडकी बाकं, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, ते बघ. बाग शिकवणाऱ्या संस्थेची स्वतःची बाग सुकलेली असेल तर कारण विचार. किती मुलांत किती सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, आणि किती कलमाचे चाकू आहेत ते मोज. माझ्या वेळी बावीस जणांत तीन सिकेटर होते, आणि वर्षभरात माझ्या वाट्याला छाटणी फार थोडी आली. शेवटी मी पहिल्या कमाईतून स्वतःचा सिकेटर घेतला. तूही घे, चांगल्या पोलादाचा, रोज पुसून तेल लावून ठेवायचा. शिकवणारे सर-मॅडम मुलांना बाहेरच्या साइटवर नेतात का, हे मागच्या वर्षीच्या मुलांना विचारलंस तर खरं उत्तर मिळेल. हे सगळं पाहून निराश झालीस तरी लगेच मागे फिरू नकोस, कुठली कमी आपल्याला बाहेरून भरून काढावी लागेल ते वहीत लिही.

मैत्रिणींचा सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. या एका वर्षाच्या प्रमाणपत्राने काय होत नाही ते स्पष्ट सांगते. तू लँडस्केप आर्किटेक्ट होणार नाहीस, तो रस्ता वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीवरून पुढे जातो. कृषी विद्यापीठांमधली बी.एस्सी. उद्यानविद्या चार वर्षांची आहे, दापोलीला तिचं स्वतंत्र महाविद्यालय आहे, तिला बारावी सायन्स आणि सीईटी लागते. महापालिकांच्या उद्यान विभागात वरच्या जागांना पदवी मागतात, जाहिरात नीट वाचावी लागते. पण नुसतं वर्षभर घरी बसून परत सीईटी देण्यापेक्षा हे वर्ष मातीत घालवून ती परीक्षा द्यावी असं मला वाटतं. सीईटीचा फॉर्म आयटीआय करतानाही भरता येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नोकरी करता करता कृषीविषयक शिक्षण घेण्याची सोय आहे, तीही लक्षात ठेव. आणि वर्षभरानंतर तुला कळलं की आपल्याला डिझाइनपेक्षा रोपं वाढवणंच आवडतं, तर दादांची अडीच एकर आहेच. तिथे नर्सरी उभी राहू शकते. झेंडूचा भाव दसऱ्याच्या दोन दिवसांवर टांगलेला असतो, रोपाचा तसा नसतो.

वर्ष सुरू झालं की कलमांवर जीव ओत. छाट कलम, गुटी (फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ बांधून मुळं फोडणं), डोळा भरणं, पाचर कलम. पावसाळ्यात शंभर गुट्या बांध आणि किती लागल्या ते मोज. चाळीस लागल्या तर का, सत्तर लागल्या तर का, ओल कमी होती की साल नीट निघाली नव्हती, सगळं तारखेसकट लिही. माझी पहिली वही अजून माझ्याकडे आहे आणि अजून उपयोगी पडते.

पुण्याला जाशील तेव्हा एम्प्रेस गार्डनमध्ये एक अख्खा दिवस काढ. ते चालवणारी संस्था १८३० सालची आहे. जुनी, पूर्ण वाढलेली झाडं तिथे बघायला मिळतात, आणि माझ्या फायकससारखी चूक टाळायला पूर्ण वाढलेलं झाड बघण्याइतका चांगला धडा नाही. बुंध्यापाशी उभी राहा आणि फांद्यांच्या टोकापर्यंत पावलं टाकत जा, घेर कळेल. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा गर्दी असते, म्हणून साध्या दिवशीही जा. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानी धर्तीचं आहे. तिथे फुलं मोजू नकोस, रस्ता कुठे वळतो आणि वळल्यावर अचानक काय दिसतं ते बघ. ते वळण कुणीतरी कागदावर आधी काढलेलं आहे.

वर्षानंतर अप्रेंटिसशिप मिळते. जिथे तयार बागेची नुसती निगा राखतात तिथे जाण्यापेक्षा जिथे नवीन बागा उभ्या करतात तिथे जा, विद्यावेतन थोडं कमी असलं तरी. उघडी जमीन, पहिला खड्डा, चुकलेला उतार, बिलावरून झालेली घासाघीस, हे सगळं बघायला मिळेल.

दादांना मात्र हे पत्र वाचून दाखवू नकोस. बाहेरच्या बाईने आपल्या घरात येऊन शहाणपण सांगितलं असं कुठल्याही बापाला वाटेल. त्यापेक्षा उद्या संध्याकाळी उकिरड्यापाशी जा. शेणखताचा ढीग असेलच. दादांना विचार, हे किती ब्रास भरेल? ते बघून अंदाज सांगतील, आणि त्यांचा अंदाज बराच जवळचा निघेल याची मला खात्री आहे. मग पन्नास फुटी टेप काढ, एक टोक त्यांच्या हातात दे, लांबी, रुंदी घे, ढिगाची उंची मध्यावर आणि कडांना घेऊन सरासरी काढ, आणि तिन्हींचा गुणाकार करून त्याला शंभराने भागायचं गणित त्यांच्यासमोर कर. दोन्ही आकडे मला कळव.

दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधून ठेव, झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती काढ.

तुझी ताई